संध्याकाळचा क्लास लावताना आधी एवढं विचारा, माझा हात कोण बघणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की वय ४३, दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसायची नोकरी, हाताने काहीतरी करायला शिकायचंय, शिवणकाम किंवा सुतारकाम. मागे एक संध्याकाळचा क्लास लावला होता तो चौथ्या आठवड्यात सुटला. आता या वयात पुन्हा लावावा का, संध्याकाळचा की शनिवार-रविवारचा, आणि व्हिडिओ बघून घरच्या घरी होत असेल तर क्लास लावायचाच कशाला. मी २२ वर्षं मोठ्या माणसांना शिवण शिकवते, आठवड्यातून तीन संध्याकाळी आणि शनिवारी दुपारी, आणि त्यातली बरीच वर्षं शेजारच्याच खोलीत सुतारकामाची बॅच चालायची त्यामुळे तिकडचंही खूप जवळून बघितलंय. जरा सविस्तरच लिहिते, कारण हा विषय माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे.

व्हिडिओचं आधी घेते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच येऊन थांबतं.

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या, पन्नाशीच्या, घरी मशीन होतं, सहा महिने व्हिडिओ बघून शिवायचा प्रयत्न चाललेला. अडचण एकच, शिवायला लागलं की कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं व्हायचं, गुंता होऊन मशीन अडकायचं. त्यांनी तीन व्हिडिओ बघितले होते. एकात सांगितलं सुई बदला, बदलली. दुसऱ्यात सांगितलं दोरा चांगला घ्या, घेतला. तिसऱ्यात सांगितलं बॉबिन केसचा (खालच्या दोऱ्याची डबी) छोटा स्क्रू आवळा, तोही आवळला. गुंता तसाच. मी म्हटलं, ताई, सगळा दोरा काढून टाका आणि माझ्यासमोर पहिल्यापासून ओवा, मी काही बोलणार नाही. त्यांनी रीळ लावलं, आणि दोरा हातात घ्यायच्या आधी सवयीने मागचा दांडा दाबून प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली केला. बस्स, तिथेच सापडलं. फूट खाली असला की वरच्या टेन्शनच्या दोन चकत्या एकमेकींवर दाबून बसलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये शिरतच नाही, वरून नुसता घसरत जातो, म्हणजे वरच्या दोऱ्याला ताणच नाही, मग तो सैल दोरा सुईबरोबर खाली ओढला जातो आणि तिकडे त्याचं जाळं होतं. गुंता खाली दिसतो पण चूक वर असते. फूट वर करून दोरा पुन्हा ओवला आणि पहिलीच शिलाई सरळ सुरळीत आली. नंतर तो आवळलेला स्क्रूही पूर्ववत करावा लागला (बॉबिन केस दोऱ्याला लोंबती धरायची, हलका झटका दिला की थोडीशी खाली सरकून थांबली पाहिजे, गपकन घसरली तर सैल, हललीच नाही तर घट्ट).

आता बघा, तिन्ही व्हिडिओ चुकीचे नव्हते. गुंत्याची ती कारणं असू शकतात. पण व्हिडिओला त्यांचा हात दिसत नव्हता. आणि त्यांना स्वतःलाही दिसत नव्हता, कारण जी गोष्ट आपण सवयीने करतो ती आपल्याला चूक म्हणून दिसतच नाही. सहा महिन्यांचा प्रश्न दोन मिनिटांत सुटला तो मला काही फार मोठं ज्ञान आहे म्हणून नाही, तर कुणीतरी शेजारी उभं राहून नुसतं बघितलं म्हणून.

क्लासला जायचं ते यासाठी. माहिती आज सगळीकडे आहे, फुकट आहे आणि पुष्कळदा चांगलीही आहे. क्लासमध्ये मिळायला हवी ती गोष्ट म्हणजे तुमच्या हाताकडे बघणारा जाणता डोळा. मग क्लास निवडताना, वेळ ठरवताना, फी द्यायची की नाही हे ठरवताना तुम्ही हाच एक प्रश्न घेऊन जा, की इथे माझा हात कोण बघणार आणि किती वेळ बघणार. व्हिडिओ मग क्लासनंतर बघा, आज जे हाताने केलं तेच घरी पुन्हा बघितलं की जे आधी कळलं नसतं तेही कळतं, तेव्हा त्याचा फार उपयोग होतो.

वयाबद्दल. याची भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी १९२८ मध्ये मोठ्या माणसांच्या शिकण्यावरचे प्रयोग मांडले, उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना डाव्या हाताने लिहायला शिकवणं, एस्पेरांतो ही भाषा शिकवणं असे. तोपर्यंत सर्रास समज होता की ऐन तरुणपण सरलं की नवीन शिकणं संपलं. त्यांना दिसलं ते असं की पंचविशीनंतर शिकण्याची क्षमता कमी होते पण अगदी हळूहळू, पंचेचाळिशीपर्यंत वर्षाला जेमतेम १ टक्का. म्हणजे तुमचं ४३ हे वय कारण म्हणून चालणार नाही. माझा स्वतःचा अनुभव तर असा आहे की चाळिशीतली माणसं विशीतल्यांपेक्षा हळू शिवतात पण उसवतात कमी, कारण ती कात्री लावायच्या आधी दोनदा मोजतात.

एक गोष्ट मात्र वयाने खरोखर बदलते आणि ती कोणी सांगत नाही, ती म्हणजे डोळे. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होत जातं, जवळचं नीट दिसत नाही, आणि संध्याकाळी कमी उजेडात तर आणखीनच. माझ्याकडे कितीतरी जण "मला हे जमत नाहीये" म्हणून निराश झालेले होते आणि प्रत्यक्षात त्यांना सुईचं भोक दिसत नव्हतं एवढंच होतं! जवळचा चष्मा तपासून घ्या. तुमचा चष्मा कॉम्प्युटरच्या अंतरासाठी असेल तर तो मशीनवर किंवा करवतीच्या रेषेवर बरोबर चालेलच असं नाही, कारण अंतर वेगळं आहे. क्लासमध्ये दिवा डोक्याच्या मागे असलेली जागा घेऊ नका, स्वतःचीच सावली कामावर पडते. दोरा तिरका कापा आणि सुईच्या मागे पांढरा कागद धरा, लगेच ओवला जातो.

मोठ्या माणसांना शिकवणं हे मुलांना शिकवण्यापेक्षा वेगळं आहे हे माल्कम नोल्स या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९६८ च्या सुमाराला ठामपणे मांडलं. त्यांचं म्हणणं मला रोज पटतं. मोठ्या माणसाला आधी "हे कशासाठी" ते कळावं लागतं, त्याच्याकडे स्वतःचा अनुभव असतो त्याला मान मिळावा लागतो, आणि शिकलेलं लगेच कुठेतरी वापरता यावं लागतं. हे मी पुस्तकातून नाही, चुकून शिकले. माझ्या पहिल्या बॅचला मी पहिल्या दिवशी पाऊण तास मशीनच्या भागांची नावं सांगितली, फळ्यावर आकृती काढून, लोकांनी वहीत उतरवून घेतली. दुसऱ्या आठवड्यात निम्मी माणसं आली नाहीत. मला फार वाईट वाटलं आणि राग त्यांचाच आला, पण चूक माझी होती. दिवसभर काम करून थकून आलेल्या माणसाला मी पुन्हा बाकावर बसवून लिहायला लावलं होतं. आता पहिल्या दिवशी पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकाचा पाय पायडलवर असतो, दोरा न लावता, रेघा मारलेल्या वहीच्या कागदावर सुई चालवायची, रेघेवर भोकं पडत गेली पाहिजेत. नावं मग आपोआप येतात, ज्या भागाची गरज पडली त्याचं नाव तेव्हा सांगायचं.

आणि ही चूक काही माझ्या एकटीची नाही, हिला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. जॉर्ज बर्कबेक म्हणून एक डॉक्टर आणि प्राध्यापक होते, ग्लासगोमध्ये. स्वतःच्या व्याख्यानांसाठी उपकरणं करून घेताना त्यांना कारागिरांचं कुतूहल दिसलं, हे काय आहे, कसं चालतं, तर त्यांनी १८०० च्या सुमाराला शनिवारी संध्याकाळी खास कामगारांसाठी मोफत व्याख्यानं सुरू केली. पुढे १८२३ मध्ये लंडनमध्ये मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट निघाली, तीच आज त्यांच्या नावाने विद्यापीठाचा भाग आहे आणि अजूनही संध्याकाळी शिकवण्यासाठी ओळखली जाते. अशा संस्था मग गावोगाव निघाल्या. पण बऱ्याच ठिकाणी पुढे नुसती व्याख्यानंच होत राहिली आणि ज्यांच्यासाठी उघडल्या ते कामगार गळाले, त्यांच्या जागी कारकून आणि दुकानदार येऊन बसले. दहा तास अंगमेहनत केलेला माणूस रात्री खुर्चीत बसून ऐकणार तरी किती?

आता क्लास निवडायचा कसा. पैसे भरायच्या आधी एक तास नुसतं बसून बघू द्या असं विचारा. जो क्लास याला नाही म्हणतो तिथे मी जाणार नाही. बसलात की शिकवणाऱ्याच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, चांगलं बोलणारे पुष्कळ असतात. त्यांचे पाय बघा. ते टेबलांमधून फिरतायत का, की पुढेच उभे आहेत? कुणाजवळ थांबले की चुकलेलं काम स्वतः हातात घेऊन नीट करून देतात, की त्याच माणसाकडून करून घेतात? हे फार महत्त्वाचं आहे. जे सर किंवा मॅडम "द्या इकडे" म्हणून शिवून देतात त्यांच्या क्लासमधून छान छान वस्तू घरी जातात पण हात रिकामाच राहतो.

मग साधा हिशोब करा. दोन तासांचा क्लास म्हणजे १२० मिनिटं, त्यातली २० मिनिटं करून दाखवण्यात गेली, उरली १००. बारा माणसं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला आठ मिनिटं येतात. पंचवीस असतील तर चार. आठ मिनिटांत तुमची शिवायची पद्धत बघून एक गोष्ट सुधारता येते, चार मिनिटांत फक्त "छान, चालू द्या" म्हणता येतं. आणि दोघांत एक मशीन असेल तर तुमचा अर्धा वेळ दुसऱ्याचं बघण्यात जाणार, म्हणजे त्या दोन तासांच्या क्लासमधला तासभरच तुमच्या हाताचा. फी स्वस्त वाटते पण हाताच्या तासाला भागून बघा. सुतारकामात तर प्रत्येकाला स्वतःचा शिकंजा असलेलं टेबल हवंच, लाकूड घट्ट धरलेलं नसेल तर करवत शिकवताच येत नाही.

भिंतीवर टांगलेले नमुने बघू नका. दुसऱ्या महिन्यातल्या माणसांचं आत्ता हातात असलेलं काम बघा, आतली बाजू बघा. आतली बाजू स्वच्छ असेल तर शिकवणारा चांगला आहे.

अभ्यासक्रमाबद्दल मला थोडं जास्त बोलायचंय कारण लोक इथेच फसतात. हाताचं काम शिकवायच्या दोन जुन्या पद्धती आहेत. एक रशियातली, मॉस्कोच्या तांत्रिक शाळेत व्हिक्टर देला-वोस यांनी १८६८ च्या सुमाराला बसवलेली. तिच्यात कामाचे सुटे तुकडे करायचे, हा सांधा, तो सांधा, हा टाका, प्रत्येकाचा वेगळा सराव, वस्तू अशी काही करायचीच नाही. १८७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ती मांडली तेव्हा अमेरिकेतली तंत्रशिक्षणवाली मंडळी तिच्यावर खूश झाली होती. दुसरी स्वीडनमधली, नेस इथे ओट्टो सालोमन शिक्षकांना शिकवायचे ती स्लॉइड पद्धत. तिच्यात प्रत्येक धडा म्हणजे एक वापरायची वस्तू, सोप्यापासून अवघडाकडे, आणि पुढची वस्तू आधीच्यापेक्षा जराशीच अवघड. फॅक्टरीसाठी माणूस तयार करायचा तर पहिली पद्धत ठीक आहे. पण आठवड्यातून दोनदा संध्याकाळी येणाऱ्या मोठ्या माणसाला मी कायम दुसऱ्याच पद्धतीने शिकवते, कारण नुसते नमुन्याचे टाके घेऊन घरी गेलेला माणूस परत यायचं कारण शोधत बसतो.

म्हणजे शिवणात कसं, तर आधी उशीचा अभ्रा. त्यात फक्त सरळ शिलाई आणि कोपऱ्यावर वळणं, सुई कापडात खाली ठेवून फूट उचलायचा आणि कापड फिरवायचं. मग पट्ट्याची पिशवी, त्यात नवीन गोष्ट एकच, जाड थरांवर शिवणं, तिथे सुई बदलायला शिकायची (९० नंबरची सुई म्हणजे तिची जाडी ०.९ मिलिमीटर, साध्या सुती कापडाला ती बरोबर, जाड कापडाला १००, पातळाला ७५ किंवा ८०). मग नाडीचा पायजमा, त्यात पहिल्यांदा गोलाई येते आणि उभा धागा, आडवा धागा, उरेब (तिरकी दिशा) म्हणजे काय ते खरं कळतं, कारण धागा न बघता कापलेला पायजमा पायावर पिळवटतो. शर्ट सगळ्यात शेवटी. शर्टात कॉलर आहे, कॉलरचा पट्टा आहे, कफ आहे, काजं आहेत, मुंढ्यात बाही बसवणं आहे. हे सगळं एकाच वस्तूत एकदम नवीन आलं तर माणूस बुडतो. "पहिल्या आठवड्यात शर्ट शिवा" असं सांगणाऱ्या क्लासला जाऊ नका. आणि दोन महिने नुसतं कागदावर ड्राफ्टिंग (मापाने आकृत्या आखणं) करून घेणाऱ्या क्लासलाही नको.

संध्याकाळ की शनिवार-रविवार? तुम्हाला हा मोठा प्रश्न वाटतोय, माझ्या मते छोटा आहे, पण उत्तर आहे. शिकायचं एकच तंत्र असेल आणि ते पुन्हा पुन्हा करायचं असेल तर संध्याकाळ चांगली. मोजणं, बेतणं, कापणं, लाकडाची मापं घेऊन सांधे आखणं, यांना सलग वेळ आणि ताजं डोकं लागतं, ते सुट्टीच्या दिवशी सकाळी. माझ्या संध्याकाळच्या क्लासमध्ये एक नियम आहे, शेवटच्या वीस मिनिटांत कात्री कोणीही हातात घ्यायची नाही. थकलेल्या माणसाची शिलाई वाकडी आली तर उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही. सुतारकामातही तसंच, धारेचं काम आधी, शेवटी घासणं, नाहीतर गोंद लावून क्लॅम्प करून ठेवणं, लाकडाच्या पांढऱ्या गोंदाला पुरता सुकायला एक दिवस लागतोच, म्हणजे दोन क्लासच्या मधला काळही कामाला येतो. जमलं तर आठवड्यात एक संध्याकाळ आणि एक सुट्टीचा दिवस अशी विभागणी घ्या. नुसत्या रविवारी सलग पाच तासांपेक्षा ती कितीतरी बरी.

का, ते सांगते. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये ॲलन बॅडली आणि लाँगमन या मानसशास्त्रज्ञांनी टपाल खात्यातल्या लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या लोकांना टायपिंग शिकायचं होतं. काहींना रोज एकच तास शिकवलं, काहींना दोन, काहींना दोन-दोन तासांची दोन सत्रं म्हणजे दिवसाला चार तास. रोज एकच तास शिकणाऱ्यांना तेवढंच कौशल्य यायला एकूण तास सगळ्यात कमी लागले. थोडं थोडं शिकलेलं जास्त पक्कं बसलं. पण याच्यातला दुसरा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, हीच माणसं सगळ्यात नाराज होती! कारण दिवस जास्त लागत होते, त्यामुळे आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं. शिकणं चांगलं चाललेलं असताना ते चाललेलं वाटत नाही, हे तुम्ही लक्षात ठेवा, चौथ्या आठवड्याकडे मी येतेच आहे.

त्याआधी घरच्या सरावाचं. जर्मनीत हर्मान एबिंगहाऊस या मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विसरणं मोजलं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून. पहिल्या तासातच निम्म्याहून जास्त गेलं, एका दिवसानंतर साधारण एक तृतीयांश उरलं, पण नंतर घसरण मंदावली, सहा दिवसांनी पाव भाग तरी शिल्लक होताच. हाताचं काम अर्थहीन अक्षरांएवढं पटकन जात नाही, पण विसरण्याचा मोठा घास पहिल्याच दिवशी घेतला जातो हे मला प्रत्येक बॅचमध्ये दिसतं. मंगळवारी शिकलेलं बुधवारी पंधरा मिनिटं केलेला माणूस आणि पुढच्या मंगळवारपर्यंत हातच न लावलेला माणूस, दोघांत दोन महिन्यांनी डोळ्यात भरण्याइतका फरक पडतो. म्हणून मी पंधराच मिनिटं सांगते, पण दुसऱ्याच दिवशी.

घरी मशीन नाही, रंधा नाही, मग काय करायचं असं लोक म्हणतात. मशीन लगेच विकत घेऊ नका. घरातला एक जुना, टाकायचा शर्ट घ्या आणि तो उसवा. फाडायचा नाही, उसवायचा, एकेक टाका. कुठली शिलाई कुठल्या शिलाईच्या वर आहे ते बघत जा, जी शिलाई सगळ्यात वर ती शेवटी मारलेली असते, म्हणजे उलट्या क्रमाने अख्खा शर्ट कसा शिवला ते तुमच्या हातात येतं. बाहीचा वरचा गोल भाग मुंढ्याच्या भोकापेक्षा जरा मोठा असतो हे पहिल्यांदा मोजून बघितलं की माणसाचा विश्वास बसत नाही. सगळे तुकडे इस्त्री करून ठेवा, पुढे बेतायला उपयोगी पडतात. हातशिलाई करा, धावदोरा, मग बखिया, एका वितीत किती टाके येतात ते मोजा आणि सगळे सारखे आणायचा प्रयत्न करा. सुतारकामाचं घरी थोडं अवघड आहे, आवाज आणि भुसा, पण एक करवत आणि फळीचा तुकडा एवढ्यावरही रोज पाच काप घेता येतात, गुण्याने (काटकोन बघायचं सुताराचं साधन) रेघ आखायची, कापायचं, कापलेल्या तोंडाला पुन्हा गुण्या लावून उजेडाकडे धरून बघायचं फट दिसते का.

शेजारच्या खोलीतले सर करवत कशी शिकवायचे ते मी दारात उभी राहून कितीदा तरी बघितलंय. नवीन माणूस करवत मुठीत गच्च आवळतो, खांदे वर घेतो आणि जोर लावून दाबतो, मग करवत अडकते, वाकते, आणि तो आणखी दाबतो. सर काही बोलायचे नाहीत. त्याच्या मनगटाखाली दोन बोटं लावायचे आणि त्याची तर्जनी मुठीतून सोडवून करवतीच्या बाजूने पुढे सरळ ठेवायचे. मग त्याचा मागचा पाय थोडा बाजूला सरकवायचे, म्हणजे कोपर, खांदा आणि करवत एका रेषेत येतात. "आता दाबू नका, नुसती ढकला आणि ओढा, कापायचं काम तिचं आहे." आणि आवाज बदलायचा. घर्रर्र अडखळत येणारा आवाज एकदम लांब, एकसारखा यायला लागायचा, आणि तो माणूस थांबून वर बघायचा. तो चेहरा मी विसरू शकत नाही, दर बॅचला तोच. हे पुस्तकात लिहिता येतं, बघा मी आत्ता लिहिलंच, पण तुमची तर्जनी आत्ता कुठे आहे हे तुम्हाला सांगायला माणूसच लागतो.

आता तुमचा चौथा आठवडा. तुम्ही लिहिलंय "माझ्यात चिकाटी नाही". मला ते पटत नाही. जवळजवळ प्रत्येक बॅचमध्ये तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात माणसं गळतात आणि त्यात चांगली चिकाटीची माणसं असतात. फिट्स आणि पोस्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये हाताचं कौशल्य शिकण्याचे तीन टप्पे सांगितले होते, पहिल्यात माणूस प्रत्येक पायरी डोक्यात म्हणत करतो, दुसऱ्यात पायऱ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि चुका कमी होत जातात, तिसऱ्यात हात आपोआप चालतो. पहिल्या टप्प्यात रोज काहीतरी नवीन कळतं म्हणून मजा येते. दुसरा टप्पा लांब असतो आणि त्यात नवीन काही कळत नाही, नुसतं हळूहळू बरं होत जातं. त्यातच आणखी एक होतं, डोळा हाताच्या आधी शिकतो. पहिल्या आठवड्यात वाकडी शिलाई तुम्हाला सरळच वाटत होती, चौथ्या आठवड्यात तुमची शिलाई पहिल्यापेक्षा बरीच सुधारलेली असते पण आता तिच्यातला दोन मिलिमीटरचा वाकडेपणा दिसायला लागलेला असतो. म्हणून वाटतं आपण बिघडत चाललोय. यासाठी पहिल्या दिवशी शिवलेलं पहिलं चिंधीवरचं काम, पहिला कापलेला लाकडाचा तुकडा, तारीख घालून जपून ठेवा, आणि चौथ्या आठवड्यात शेजारी ठेवून बघा. मी हे आता सगळ्यांकडून करून घेते, तुकडे एका डब्यात माझ्याकडेच ठेवते.

आणि एक कारण असतं ते लाजेचं. ऑफिसात उशीर झाला, घरी कोणी आजारी पडलं, एक क्लास बुडला. पुढच्या वेळी वाटतं सगळे पुढे गेले असतील, आपलं अर्धवट आहे, कशाला जायचं, मग दुसराही बुडतो, आणि तिसऱ्यानंतर कोणी येत नाही. तुमचंही असंच झालं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही. म्हणून प्रवेश घेतानाच विचारा, एक क्लास बुडला तर काय करता? "मागून नोट्स घ्या" असं उत्तर आलं तर समजा की बुडालेल्या माणसाचा तिथे विचार झालेला नाही. "अर्धा तास आधी या, दाखवते" किंवा "दुसऱ्या बॅचला येऊन बसा" असं उत्तर आलं तर तो क्लास चांगला. आणि बुडला तरी पुढच्या वेळी जा, अर्धवट काम घेऊन जा, काहीच न केलेलं घेऊन जा. शिकवणाऱ्याला त्याचं काहीच वाटत नाही, मला तर बुडवून परत आलेलं माणूस दिसलं की बरंच वाटतं.

सर्टिफिकेटचं तुम्ही शेवटी विचारलंय. स्वतःसाठी शिकत असाल तर त्याचा विचारही करू नका. पुढे कमाई करायचा विचार असेल तर सर्टिफिकेट कोण देतं आणि ते कुठे चालतं हे ज्या ठिकाणी ते दाखवायचंय तिथे जाऊन विचारा, क्लासवाल्यांना विचारू नका.

दोन्हीपैकी काय घ्यावं हे मी ठरवू शकत नाही, पण तुम्ही दिवसभर बसून असता आणि मान-पाठ दुखते असं लिहिलंय. मशीनवर पुन्हा बसायचंच आहे, सुतारकामात उभं राहून अख्खं अंग वापरलं जातं. उलट, घरी रोज पंधरा मिनिटं सराव करणं शिवणात फार सोपं, सुई-दोरा घेऊन कुठेही बसता येतं. माझं मत विचाराल तर दोन्ही क्लासमध्ये एकेक तास बसून या, आणि परत येताना हाताला कशाची खुमखुमी राहते ते बघा, कापडाची की लाकडाची. बघून आलात की मला एवढं कळवा, एका शिकवणाऱ्यामागे माणसं किती, मशीन किंवा टेबलं किती, आणि ते स्वतः करून देत होते की करून घेत होते. मग सांगते पैसे भरायचे की नाही.